एका ताटलीची जागा

लेक : नळ तसाच राहू द्या, बाबा. बारीक करू नका.

बाबा : मी रोज एवढाच सोडतो.

लेक : रोज नाही सोडत. सिंकखाली बादली लावली म्हणून आज धार सुतासारखी झालीय. तपासायला बाई उभ्या राहिल्या की अक्षर वळणदार काढतात तशी.

बाबा : बरं, मास्तरीणबाई. हा घे, सोडला. एक ताटली, एक पेला, चहाचं पातेलं. यात कसली आलीय परीक्षा?

लेक : बादली अर्ध्यावर गेली.

बाबा : कालचं असेल त्यात.

लेक : काल ती बाल्कनीत पालथी होती. मी आत्ता तुमच्यासमोर आणली.

बाबा : मग पाइप काढताना आधीचं साठलेलं पडलं असेल. तू पाइप काढलास, मग नीट बसव म्हणजे झालं. उद्या तू जाशील आणि मी इथे पोछा मारत बसेन.

लेक : बसवते. पण आधी ऐका. एका माणसाच्या जेवणाला अर्धी बादली. तीन जेवणं धरा, चहा धरा. भांडी धुवायच्या त्या मशीनला सगळं मिळून बादलीभर पुरतं. तेही दोन दिवसांची भांडी.

बाबा : आणि वीज?

लेक : वीज लागते. नाही म्हणत नाही मी. पण तुम्ही गीझर लावून पाणी गरम करता, त्याला काय लागतं? उसासे?

बाबा : बरं. आणि वेळ? ते दोन-दोन तास घरघरत बसतं. मी दहा मिनिटांत मोकळा.

लेक : त्या दोन तासांत ते उभं असतं. तुम्हाला उभं राहावं लागत नाही.

बाबा : मी कुठे तक्रार केली उभं राहायची?

लेक : तुम्ही नाही केलीत. तुमच्या हातांनी केली. दाखवा. दाखवा ना, लपवताय काय लहान मुलासारखे. ही भेग कालपर्यंत एवढी नव्हती.

बाबा : जुनी आहे ती.

लेक : रक्त जुनं नाही.

बाबा : अगं, जन्मभर औषधांच्या पाण्यात हात घातले मी. स्टुडिओत तेव्हा कुठले आले हातमोजे? चिमट्यानं फोटो उचलायचा, पण घाईत हातच जायचा. ही कातडी तेव्हाच गेली कामातून. त्यात भांड्याच्या साबणाचा काय दोष?

लेक : डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलंत. मी शेजारीच बसले होते. हात पाण्यात घालायचे नाहीत, घालायचेच तर हातमोजे. त्या म्हणाल्या, ही भेग अशीच राहिली तर पिकेल आणि मग मी बोलणार नाही, कापीन.

बाबा : तिला बोलायची हौस आहे.

लेक : मी आणलेले हातमोजे कुठायत?

बाबा : आहेत. खालच्या खणात.

लेक : पाकीट फोडलेलं नाही.

बाबा : हातमोज्यात ताटली हातात आहे की नाही तेच कळत नाही. निसटेल म्हणून घट्ट धरावी तर बोटं दुखतात. ते राहू दे. तू तो पाइप बसव आधी.

लेक : हातमोजे नकोत. बाई ठेवायची नाही. माझ्याकडे यायचं नाही. राहता राहिलं मशीन, तर ते बंद पडलेलं. म्हणून मेकॅनिकला बोलावलंय. तो येतो, दुरुस्त करतो, आणि मी उद्या सकाळी निघते तेव्हा तुमचे हात कोरडे असतात. एवढंच मला हवंय. दुसरं काही मागत नाही.

बाबा : कुणाला बोलावलंस?

लेक : मेकॅनिकला. मशीनच्या दारावरच्या चिठ्ठीवर नंबर होता, आईच्या अक्षरातला.

बाबा : कशाला पण? मला विचारायचंस तरी.

लेक : तुम्हाला विचारलं असतं तर तो पुढच्या वर्षी आला असता. घंटा वाजली बघा. तुम्ही हात पुसा, मी उघडते.

मेकॅनिक : नमस्कार ताई. तुम्हीच फोन केला होता ना? काका, ओळखलं का? गेल्या खेपेला मीठ अडकलं होतं तेव्हा मीच आलो होतो.

बाबा : ओळखलं. बसा.

लेक : मीठ अडकलं म्हणजे?

मेकॅनिक : काकूंनी तुम्हाला सांगितलं नाही? अहो, या मशीनला वेगळं मीठ लागतं, जाड, पाणी मऊ करायला. मी बसवून दिलं तेव्हा बजावून गेलो होतो, मीठ भरायचं विसरू नका. महिन्याभरात फोन. येऊन बघतो तर घरातलं बारीक मीठ, आणि तेही चिमूटभर. विचारलं, काकू, हे काय? तर म्हणतात, तुम्ही किती ते सांगितलं नव्हतं, मी आपलं चवीपुरतं घातलं.

लेक : चवीपुरतं.

मेकॅनिक : मी ते आता सगळीकडे सांगतो. लोक हसतात. कुठे आहेत काकू? त्यांना म्हणावं, मी आलोय.

बाबा : ती गेली.

मेकॅनिक : बाहेर?

लेक : आई वारली. उन्हाळ्यात.

मेकॅनिक : अरे. मला नव्हतं माहीत हो, ताई. मी आपला तोंड सोडून बोलत बसलो.

लेक : असू दे. बरं वाटलं ऐकून. तुम्ही मशीन बघा.

मेकॅनिक : बघतो. काय होतंय नेमकं?

लेक : बंद पडलंय. बाबा तेव्हापासून सांगताहेत. घरात माणसं होती तेव्हाही चालत नव्हतं, आम्ही कागदी ताटल्यांवर भागवलं.

मेकॅनिक : दिवा तर लागतोय. पाणी येतंय. मोटर... आवाज ठीक आहे. काका, तुम्ही बटण दाबल्यावर काय होत होतं?

बाबा : मी नाही दाबलं.

मेकॅनिक : मग बंद पडलं हे कळलं कसं?

बाबा : बंद पडलंय असं मी म्हणालोच नाही. बंद आहे असं म्हणालो.

लेक : बाबा.

बाबा : आठव तू. तू विचारलंस, मशीन का लावत नाही. मी म्हणालो, बंद आहे. बंदच होतं. खोटं कुठे बोललो?

मेकॅनिक : याला काही झालेलं नाही, ताई. आत भांडी भरून ठेवलीत फक्त. वास नाही, काही नाही. धुतल्यासारखीच दिसतात. एक फेरी लावून दाखवतो, म्हणजे तुमची खात्री...

बाबा : हात लावू नका त्याला.

मेकॅनिक : नाही, नुसतं बटण...

बाबा : भरलेलं नाही ते. भरल्याशिवाय लावायचं नसतं.

मेकॅनिक : काका, जवळजवळ भरलंय की. खाली एका ताटलीची जागा आहे फार तर.

बाबा : तेच म्हणतोय मी. जागा आहे.

लेक : राहू द्या. दार लावून घ्या. तुमचं काय झालं ते सांगा, देते.

मेकॅनिक : मी काय केलं, ताई? दार उघडलं आणि लावलं. त्याचं काय घ्यायचं? येतो मी. काका, काळजी घ्या. आणि मीठ संपलं की फोन करा. मी आणून देईन, बाजारात शोधू नका.

(मेकॅनिक जातो. दार लागल्यावर स्वयंपाकघरात नळाचं ठिबकणं ऐकू येतं.)

लेक : ही भांडी आईने लावली होती का?

बाबा : पाइप बसव गं. बादली भरून वाहायला लागेल.

लेक : बसवते. आईने लावली होती का?

बाबा : हो.

लेक : त्या दिवशी?

बाबा : दुपारचं जेवण झालं होतं. ती म्हणाली, छातीत कसंतरी होतंय, पित्त असेल. मी म्हटलं, बस. तर बसायचं सोडून भांडी लावत होती. मी रिक्षा बघायला खाली गेलो, वर आलो, तरी हिचं चालूच. म्हटलं, अगं, चल. म्हणाली, एवढा पेला ठेवते आणि येते.

लेक : पेला.

बाबा : वरच्या खान्यात कडेला आहे बघ. निळ्या रेघेचा.

लेक : विसळून ठेवला होता?

बाबा : विसळल्याशिवाय ठेवेल ती? पाणी दाखवलं, झटकला, मग ठेवला. आणि रिक्षा खाली खोळंबलेली.

लेक : मी किती वेळा सांगितलं असेल तिला, विसळू नकोस. आधी हाताने धुवायची, मग मशीनला द्यायची, म्हणजे दोन्हीकडचं पाणी. मग मशीन घेतलं कशाला? तर म्हणायची, नुसतं पाणी दाखवते गं.

बाबा : मला काय सांगायची माहितीये? म्हणायची, यंत्र झालं म्हणून काय झालं, त्याच्या तोंडात खरकटं घालायचं?

लेक : हे मला नाही सांगितलं कधी.

बाबा : तुला कशी सांगेल? तू हसली असतीस. तू तिकडून फोनवर शेळ्या हाकायचीस, एक म्हणजे विसळायचं नाही, दोन म्हणजे अर्धवट भरलेलं लावायचं नाही. त्यातलं दुसरं तिला पटलं होतं. ते मात्र इमानाने पाळलं. दोन माणसांची भांडी ती किती. कधीकधी तीन दिवस भरायचं नाही. घरातले चमचे संपायचे आणि आम्ही एका चमच्यानं दोघं चहा ढवळायचो. पण लावायची नाही.

लेक : आमचं फोनवर बोलणंच ते असायचं. भांडी लावली का. कशी लावली. चमच्यांची तोंडं वर की खाली. मी ठेवायचे फोन आणि म्हणायचे, आज पण तेच.

बाबा : ती वाट बघायची त्या भांडणाची. काही वेळा भांडी अजून लावलेलीच नसायची, तरी तुला सांगायची विसळून लावली म्हणून. फोन ठेवला की हसायची. म्हणायची, चांगली पंधरा मिनिटं बोलली आज.

लेक : पंधरा मिनिटं.

बाबा : रडू नकोस. म्हणजे रड हवं तर. माझ्याकडे बघू नकोस, मला येत नाही तसं.

लेक : नाही रडत. आणि ती जागा कसली? एका ताटलीची.

बाबा : माझी. रात्री मी उशिरा जेवतो, तुला माहितीये. ती आधी जेवून भांडी लावायची आणि माझ्या ताटलीपुरती जागा सोडायची. मी जेवलो की ताटली ठेवायची आणि बटण दाबायचं, एवढंच माझं काम. त्या दिवशी ती दुपारीच लावत होती, तरी जागा सोडली. जिन्यात मला म्हणते, रात्री तुमची ताटली ठेवली की लावून टाका, विसराल नाहीतर. जिना उतरताना हात माझ्या खांद्यावर, आणि बोलतेय हे.

लेक : आणि रात्री?

बाबा : रात्री कुठलं जेवण? तुला फोन केला तो रात्रीच ना. मी घरी आलो तो दुसऱ्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी मशीनकडे जायला लागलं भांडी घालायला. मी म्हटलं, बंद आहे. निघालं तोंडातून. मग तेच चालू राहिलं.

लेक : म्हणजे इतके दिवस तुम्ही एकेक ताटली हाताने धुताय, ती जागा भरू नये म्हणून.

बाबा : असं काही ठरवून नाही केलं.

लेक : आणि मी तुम्हाला बादल्या मोजून दाखवतेय.

बाबा : तुझं बरोबरच आहे. पाण्याचा हिशोब तुझाच बरोबर आहे. मला समजतं ते.

लेक : मग माझ्याशी वाद का घालत होतात?

बाबा : दुसरं काय सांगणार होतो? हे सांगण्यासारखं आहे का? म्हातारा माणूस उष्ट्या भांड्यांची राखण करतो म्हणून.

लेक : उष्टी नाहीत ती. तिने पाणी दाखवलंय.

बाबा : हो. ते आहे. तू तेवढ्यासाठी तिला ओरडायचीस, पण तिनं विसळलं नसतं तर आतापर्यंत वासानं सगळा मजला गोळा झाला असता.

लेक : लावू या का आपण दोघं? मी इथे आहे तोवर.

बाबा : स्टुडिओत लोक रोल धुवायला आणायचे ना, तेव्हा मी विचारायचो, संपलाय का पूर्ण? एखादा फोटो शिल्लक असायचा. मी म्हणायचो, काढून या, वाया कशाला घालवता. मग ते दुकानासमोरच काहीतरी काढायचे. भिंत, सायकल, स्वतःचे बूट. मी रात्री धुवायला घेतला की आधी ते बूट दिसायचे, मग आतली माणसं. लग्नं, बारकी पोरं, समुद्र.

लेक : मला आठवतं. मी तुमच्या मागे लाल दिव्यात उभी असायचे.

बाबा : तुला गंमत वाटायची. कागद पाण्यात हलवला की चेहरा वर यायचा. तू म्हणायचीस, बाबांनी धुतलं की माणूस येतो.

लेक : म्हणायचे खरी.

बाबा : तिकडे धुतलं की यायचं. इकडे धुतलं की जाणार. कळतंय का मला काय म्हणायचंय?

लेक : कळतंय.

बाबा : तिच्या कपाला चहाचा डाग आहे अजून. बुडाशी. विसळलं तरी राहिलाय. वाकून बघितलं तर दिसतो. मी बघतो कधीकधी. रोज नाही.

लेक : तुमची ताटली द्या.

बाबा : ही? ही आत्ताच धुतली मी. तुझ्या बादलीसमोर.

लेक : त्यातलं सगळंच धुतलेलं आहे. द्या.

बाबा : तू लावणार आहेस का ते?

लेक : तुम्ही ठेवा. तुमचं काम आहे. मी दार उघडते.

बाबा : थोडं पुढे ओढ खालचा खाना. हां. अशी तिरकी जाते ती. बसली.

लेक : बरोबर बसली.

बाबा : माप घेतल्यासारखी. बाकीची किती दाटीनं लावलीत बघ, आणि एवढी जागा मोकळी. स्वतःची वाटी उभी घुसवलीय, तिला त्यात पाणी साचलेलं आवडायचं नाही तरी.

लेक : हो.

बाबा : आता भरलं. दाब तू. तू उद्या जाणार, तुझ्या देखत होऊ दे. मला एकट्याला नाही जमायचं, खरं सांगतो. इतक्यांदा समोर उभा राहिलोय.

लेक : दाबू?

बाबा : दाब.

लेक : थांबा जरा.

बाबा : आता काय?

लेक : हा चमच्यांचा कप्पा. इथे कोपऱ्यात एक चमचा बसेल.

बाबा : कुठे? मला नाही दिसत.

लेक : हा काय. एक सहज बसेल.

बाबा : एका चमच्यानं काय होतंय? मघाशी तूच तर म्हणत होतीस...

लेक : अर्धवट भरलेलं लावायचं नाही. मीच सांगितलं होतं तिला. आता मीच मोडू?

बाबा : नाही. तसं नको.

लेक : मग राहू दे. चमचा मिळेल तेव्हा मिळेल. मला सांगा फक्त, मी येईन.

बाबा : एका चमच्यासाठी एवढ्या लांबून येशील?

लेक : येईन. पण तोवर हातमोजे घालायचे. रोज. पाकीट मी आत्ता फोडून ठेवते. आणि मी रोज फोन करून विचारणार.

बाबा : काय विचारशील?

लेक : भांडी घासली का. कशी घासली. हातमोजे घातले होते का. नळ किती सोडला होता.

बाबा : आणि मी घातले नसले तरी घातले म्हणालो तर?

लेक : तर मी पंधरा मिनिटं बोलेन.

बाबा : घालीन. आण ते. आणि दार हळू लाव, तिचा पेला कडेला आहे.